मांडवातलं काळं

आखाडा बाळापूर
ता. ४ फेब्रुवारी

सौ. मंजुळाबाई विश्वंभरराव यांस,

नमस्कार. खरं तर "मंजे" अशीच सुरुवात करणार होते. पण जी बाई वसतिगृहापासूनच्या मैत्रिणीचा नंबर ब्लॉक करते, तिला मंजे म्हणायला माझा हात वळेना. म्हणून हे पोस्टाचं पाकीट. पाकीट ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. मी खिडकीवर पाकीट मागितलं तर पोस्टातल्या बाई माझ्याकडं असं बघायला लागल्या, जसं काही मी निजामाच्या काळातलं नाणं पुढं केलं.

परवाच्या रविवारी तुमच्या हट्ट्याच्या अंगणात जे झालं, ते तुमच्या बाजूनं कसं सांगितलं जातंय ते माझ्यापर्यंत पोचलं आहे. आपल्याकडं बातमी एसटीच्या आधी पोचते. म्हणून माझी बाजूही एकदा कागदावर असू द्या.

सुपारी फोडायचा कार्यक्रम होता. माझी कोमल आणि तुमचा सोमेश्वर बसायच्या आधी कोमलच्या बाबांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि पाटांच्या जागी अंथरली. आम्ही मेंढरंवाले. आमच्यात नवरानवरीला घोंगडीवर बसवतात, आमच्या खंडोबाची गादी तीच. हे तुम्हाला नवीन नाही. तेवढ्यात तुमच्या सासूबाई, रुख्मिणीबाई, ओट्यावरून ओरडल्या, "शुभ कामात काळं कोणं आणलं? काढा ते आधी!" इथपर्यंतही मी समजून घेतलं असतं. वय झालंय त्यांचं. पण तुम्ही काय केलंत? घरात पळालात, कपाटातली कोरी पांढरी चादर आणलीत आणि घोंगडीवर टाकून दिलीत. झाकलं की झालं!

अहो, असं पांढरं कापड वरून कधी टाकतात? कोमलच्या बाबांचा चेहरा पाहिलात ना? "माझ्या जित्या लेकीला पांढऱ्यावर बसवता व्हय?" एवढंच ते म्हणाले. चादर बाजूला केली, घोंगडीची घडी घातली आणि जीपकडं निघाले. सुपारी ताटातच राहिली. आम्ही न जेवता निघालो. आतून पुरणाचा वास येत होता, त्याचं दुःख मला वेगळं आहे.

काल विश्वंभरभाऊंचा निरोप आला की मांडवात काळं येणार असेल तर सत्तावीस एप्रिलचं लग्न होणार नाही. कोमलच्या बाबांनी उलट निरोप धाडला आहे: "घोंगडीवर बसल्याबिगर माझ्या लेकीचं लगीन लागणार न्हाई." ही त्यांची काळ्या दगडावरची रेघ समजा. मधे दोन लेकरं लटकली आहेत, ज्यांनी आपणहून एकमेकांना पसंत केलं आणि ज्यांच्यासाठी तुम्ही-आम्ही दोघींनी दोन्हीकडची भावकी समजावता समजावता घसा कोरडा केला.

मी त्या दिवशी तुम्हाला काही वेडंवाकडं बोलले असं मला आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल तर कळवा.

कोमल ठीक आहे. तिला काही फरक पडलेला नाही.

सत्यशीला प्रभू


आखाडा बाळापूर
ता. १९ फेब्रुवारी

होणाऱ्या किंवा न होणाऱ्या विहीणबाईंना,

पत्र मिळालं. शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय की ब्लॉक रागात दाबला गेला, आता काढता येत नाही आणि सोमेश्वरला विचारायची लाज वाटते. हे मी अंगणवाडीत बसून वाचलं आणि इतकी हसले की माझ्याकडं बघून सगळी लेकरंही हसायला लागली. राहू द्या तसंच. फोनवर आपण भांडलो असतो तर एव्हाना गावात पंचायत बसवावी लागली असती.

तुम्ही लिहिता, काळं म्हणजे वाईट हे साऱ्या जगाला माहीत आहे. काळं तोंड, काळा बाजार, काळा पैसा, काळी जीभ, काळी करणी, आडवं गेलेलं काळं मांजर. दीड पान भरवलंत. बरं, हे सगळं मान्य.

आता माझं ऐका. मागच्याच महिन्यात संक्रांतीला काळीकुट्ट साडी नेसून, हलव्याचे दागिने घालून स्टेटसला फोटो कोणी टाकला होता? तुमच्या गळ्यातल्या मंगळसूत्राचे मणी कुठल्या रंगाचे आहेत? सोमेश्वर तान्हा होता तेव्हा तुम्ही त्याला एवढी मोठी तीट लावायचात की लेकरू कमी आणि काजळ जास्त दिसायचं. काळ्यानं नजर लागते की उतरते, ते एकदा ठरवून कळवा. औंढ्याला नागनाथापुढं जाऊन ज्या दगडावर डोकं टेकता तो गोरा आहे का? काळ्या तिखटाशिवाय तुमच्या घरात वांग्याची भाजी होते का? आणि विश्वंभरभाऊ सोयरीक ठरवायला आले तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य काय होतं, आठवतंय? "आमची जमीन काळीभोर हाय, मुरमाड न्हाई." तेव्हा त्यांची छाती केवढी फुगली होती. म्हणजे जमीन काळी असली की खानदानी आणि घोंगडी काळी असली की अपशकुनी!

हे सगळं मी कोमलच्या बाबांना वाचून दाखवलं. मला वाटलं शाबासकी देतील. तर म्हणतात, "तिची बी चूक न्हाई. ती म्हणून राहिली ते दुकानातलं काळं. रंगवलेलं." त्यांच्या लेखी काळं एक नसतंच. म्हाताऱ्या मेंढीची लोकर उन्हानं शेंड्याला तांबूस होते, ते एक काळं. भुऱ्या मेंढीत मिसळलेलं दुसरं. आणि कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर, ज्याला आम्ही जावळ म्हणतो, तिचं काळं सगळ्यात मऊ. कोमलची घोंगडी पूर्ण जावळाची आहे. लोकर ह्यांनी साठवली, सूत मी कातलं, विणकराकडं खेटे दोघांनी घातले. चिंचोक्याच्या खळीचा वास अजून तिच्यातून जात नाही. तिला कुणी रंग दिलेला नाही, मंजुळाबाई. मेंढी जशी जन्मली तशी ती आहे.

आणि कळमनुरीच्या वसतिगृहात थंडी पडली की माझ्या घोंगडीत कोण शिरायचं? तेव्हा काळं टोचलं नाही ते! टोचायचं म्हणा, पण ते लोकरीमुळं.

तुम्ही विचारलंय की लाल सतरंजी चालेल का. नाही चालणार. विश्वंभरभाऊंनी नवी कोरी ताडपत्री सुचवली आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, निळ्या ताडपत्रीवर पसरायला माझी लेक हळद नाही.

कोमल ठीकच आहे. काल जनावरांच्या दवाखान्यातून ड्यूटी करून आली आणि बकरीचं जंताचं औषध कुत्र्याला पाजून बसली. कुत्रं बरं आहे.

तुमची (अजून ठरायचं आहे)
सत्यशीला


आखाडा बाळापूर
ता. ९ मार्च

मंजे,

तुझं पत्र चुलीपुढं बसून वाचलं आणि तव्यावरची भाकरी कोळसा झाली. कोमलचे बाबा तशीच खाऊन उठले.

तुझ्या लग्नात मी होते. हिरवा शालू आणि त्याला बोटभर काळे काठ. तू त्यात अशी दिसत होतीस की मी मनात म्हटलं होतं, माझ्या लग्नात असेच काठ घ्यायचे. त्यानंतर हट्ट्याला गारपीट झाली आणि गव्हाचं मातेरं झालं, हे मला माहीत होतं. आमच्या बाळापूरलाही गारा पडल्या होत्या, आणि आमच्या घरात तेव्हा कुणाचं लग्न नव्हतं. पण तुझ्या सासूबाई ओट्यावर बसून म्हणाल्या, "घरात काळे काठ आले." मग म्हैस आटली तरी काळे काठ, मोटर जळाली तरी काळे काठ, विश्वंभरभाऊंचं अपेंडिक्स फुगलं तरी काळे काठ. हे तू आज लिहितेस! एवढी वर्षं मला फोनवर काय सांगायचीस? "आमच्या आत्याबाई देवमाणूस." मी बावळट तेच खरं धरून चालले.

आणि पुढं तू लिहिलंस की, सत्ये, मला काळ्याचं काही नाही गं. पण कोमल ह्या घरात येणार. उद्या हळदीचा भाव पडला, बोअर आटला, लेकराला ताप आला, तर घोंगडीचं नाव निघेल. मी ऐकलं, माझं आयुष्य गेलं त्यात. तिनं का ऐकायचं?

मंजे, हे वाचून मी रडले. सरळच लिहिते, आता तुझ्यापुढं काय मोठेपणा. मला वाटत होतं तुला आमची लाज वाटली. आमच्या मेंढरांची, आमच्या अंगाला येणाऱ्या लोकरीच्या वासाची, तुमच्या ओट्यावर बसलेल्या त्या इस्त्रीच्या धोतरांपुढं. महिनाभर मी ते मनात घेऊन बसले होते. आणि तू माझ्याच पोरीसाठी आडवी उभी होतीस. मी त्या दिवशी काय बोलले तेही आता आठवतंय. "तुमची मैत्री बी हळदीसारखीच, उकडली की वाळली," असं मी सगळ्यांदेखत म्हणाले. ते मी मागं घेते. वाक्य चांगलं होतं, पण मागं घेते.

तरी प्रश्न आहे तिथंच आहे. रात्री मी कोमलच्या बाबांना तुझं सगळं सांगितलं. मग म्हणाले, "त्या माउलीची तकलीफ बराबर हाय. पण म्हाताऱ्या माणसाच्या भ्यानं आपुन आपला देव झाकून ठिवायचा का?" आता त्यांना काय सांगू? त्यांचंही खरं आहे. तुझं खरं आहे, त्यांचं खरं आहे, आणि पत्रिका छापायला टाकायचे दिवस निघून चालले आहेत.

मला एकच वाट दिसते. तू बोल. एकदा, फक्त एकदा सासूबाईंपुढं उभी राहा आणि म्हण की माझ्या सुनेला कशाचंही बोल लावायचं नाही. मग घोंगडी येऊ दे नाहीतर न येऊ दे. तू लिहिशील, मला जमायचं नाही. मला माहीत आहे. वसतिगृहात उसळीत अळी निघाली तर तू ती बाजूला सारून जेवायचीस, पण स्वयंपाकीणबाईंना बोलायची नाहीस. मी भांडायची आणि तू माझा पदर ओढायचीस.

कोमल ठीक नाही. लपवून काय करू? ताटातलं अर्धं ताटात ठेवून उठते. तुझा लेक दर दोन-चार दिवसांनी कोंबड्यांचं औषध न्यायला इथल्या दवाखान्यात येतो. तुमच्याकडं कोंबड्या आहेत का गं?

तुझी
सत्ये


आखाडा बाळापूर
ता. २ एप्रिल

मंजे,

तू विचारतेस, कोमलच्या बाबांनी, तुझ्या प्रभूभाऊंनी, आत्याबाईंवर काय जादू केली? "लगीन रानात लावायचं, काळं आणायचं तर आणा," एवढा हुकूम सोडून म्हातारी जपाची माळ घेऊन बसली, पुढं कुणाला काही सांगेना, असं तू लिहिलंस. तर मग ऐक. मला जे कळलं ते ह्यांच्याकडून कळलं, आणि त्यांच्या तोंडून दोन वाक्यं काढायला मला दोन दिवस लागले.

मेंढरं घेऊन ते हट्ट्याला निघाले तेव्हा मीच आडवी आले होते. म्हटलं, सोयरीक मोडायला आली आणि तुम्ही त्यांच्या रानात खतासाठी कळप बसवायला निघालात? तर म्हणाले, "बोली झाली व्हती. हळद काढली का रान रिकामं व्हतंय, तवा मेंढरं बसवतो म्हणून म्या जबान दिली व्हती. लगीन व्हवो न व्हवो, रानाचा काय गुन्हा?" चालत तीन मुक्काम करून गेले. पाण्याचा कॅन घरून नेला. तुमच्या घरचं पाणी प्यायचं नाही असं ठरवून.

पहिल्या संध्याकाळी कळप बसला. तुमच्याकडची रीत तुला माहीतच आहे, पण ती कोण पाळतं याचा तू कधी विचार केला नसशील. कळप रानात बसला की घरातल्या थोरल्या बाईनं जायचं. पुढच्या मेंढीला हळदकुंकू लावायचं, धनगराच्या अंथरलेल्या घोंगडीवर भाकरीचा नैवेद्य ठेवायचा, घोंगडीच्या पाया पडायचं. तुमच्या सासूबाई दर उन्हाळ्यात हे करतात. धनगर कुणीही असो. त्या संध्याकाळी काठी टेकत त्या आल्या. ह्यांना ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. ह्यांनीही दाखवली नाही. दोघंही एकाच मातीचे! त्यांनी मेंढीला कुंकू लावलं, नैवेद्य ठेवला, गुडघे धरून खाली वाकल्या आणि घोंगडीला डोकं टेकवलं. तीच घोंगडी, बरं का. कोमलची. हे ती खांद्यावरून उतरवतच नाहीत हल्ली.

तेव्हा हे म्हणाले, "माय, हे काळंच हाय."

"मंग काय पांढरं असतंय? रानात काळंच लागतंय. काळीवर काळं बसलं तवाच पिकतंय. घरात न्हाई चालत."

"आन् लगीन रानात लावलं तर?"

म्हातारी उठली. पदर सारखा केला. हे म्हणतात, मला वाटलं आता काठीच बसते पाठीत. तिनं सगळ्या रानावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "मांडवाला बांबू लई लागतील."

झालं! एवढीच जादू. त्यानंतर ह्यांनी तुमच्या विहिरीचं पाणी मागून घेतलं आणि तांब्याभर प्यायले.

मी इथं आनंदानं नाचायची बाकी आहे. पत्रिका छापायला गेल्या. अंगणवाडीत पेढे वाटले. कोमल ताट चाटूनपुसून जेवते, आणि सोमेश्वरच्या कोंबड्या एकदम बऱ्या झालेल्या दिसतात.

पण मंजे, तू पत्राच्या शेवटी जे लिहिलंस ते मी वाचलं नाही असं समजू नकोस. "मांडव रानात गेला, पण नवरी तर घरातच येणार ना?" तू बरोबर बोललीस. म्हातारीनं आज हो म्हटलंय. उद्या काही कमीजास्त झालं की तिला घोंगडी आठवणारच. मी कोमलला विचारलं, तर म्हणते, "आई, मी काय ऐकून घेणार न्हाई." लग्नाआधी सगळ्याच असं म्हणतात. तूसुद्धा म्हणाली होतीस, पाठवणीच्या आदल्या रात्री, माझ्याजवळ.

म्हणून माझं मागणं तेच आहे. बोल एकदा. लग्नाआधी बोललीस तर मी निर्धास्त होईन.

तुझी विहीण
सत्ये


आखाडा बाळापूर
ता. ४ मे

मंजे,

लग्न होऊन आठवडा झाला आणि माझे पाय अजून ठणकतात. तुझेही ठणकत असतील. आपल्या वयाच्या विहिणींना ऐन लग्नात हळदीच्या राशीमागं पळायला कुणी सांगितलं होतं?

तू बोललीस आणि तडक आचाऱ्याच्या तंबूत निघून गेलीस. तुझ्यामागं मांडवात काय झालं ते तुझ्या कानावर येणार नाही, म्हणून हे पत्र. फोन आता लागतो, सुनबाईनं आल्या आल्या तुझा ब्लॉक काढून दिला हे कळलं, पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही. तुझ्या घरात भिंतीला भिंत लागून सासूबाईंची खोली आहे.

आधी माझ्या बाजूनं सांगते, म्हणजे तुला सगळं नीट जुळवता येईल. अक्षता पडल्या तेव्हा ऊन होतं. लेकरं घोंगडीवर बसली होती आणि मी तिच्याकडंच बघत होते. काळ्या रानात काळी घोंगडी, त्यावर माझी लेक पिवळ्या साडीत. मला भरून आलं होतं. मग तो वारा सुटला. पश्चिमेकडून आभाळ कधी चढलं कुणाला दिसलंच नाही, डीजेच्या नादात. शेजारच्या रानात तुमची सगळी हळद उकडून वाळत पडलेली. पहिला थेंब पडला आणि विश्वंभरभाऊ ओरडले, "हळद! हळद!" वऱ्हाडी पाहुण्यांना वाटलं, लग्नाचाच काहीतरी विधी राहिला.

मग जे झालं तसं लग्न मी पाहिलं नाही. फेटे बांधलेले पुरुष फावडी घेऊन राशी करायला लागले. तुमच्या त्या इस्त्रीच्या धोतरांनी काष्टे खोचले. नवरदेवानं मुंडावळ्या कानामागं सारल्या आणि घमेली उचलली. ताडपत्र्या अर्ध्या राशींना पुरल्या आणि संपल्या. तेव्हा कोमलच्या बाबांनी आमच्या भावकीकडं बघून नुसती मान हलवली. आमच्यातल्या एकेका माणसानं खांद्यावरची घोंगडी उतरवली आणि हळदीवर टाकली. लोकरीवर पाणी ठरत नाही, घरंगळून जातं. कोमल उठली आणि तिनं स्वतःच्या खालची घोंगडीही ओढून राशीवर घातली. मी ह्यांच्याकडं बघितलं. तिचं एक टोक त्यांनीच धरलं होतं.

पाऊस आला तसा गेला. कडेची एक रास भिजली, बाकी वाचली. सगळे चिखलात माखलेले, पिवळे-काळे, हसत मांडवात परत आलो. तुझ्या सासूबाई तेवढ्या खुर्चीवर बसून होत्या, कोरड्या. त्यांनी भिजलेल्या राशीकडं बघितलं, नव्या सुनेकडं बघितलं आणि तोंड उघडलं. "म्हणलं व्हतं मी..."

आणि तू त्यांना पुढं बोलूच दिलं नाहीस. मंजे, तुझा आवाज! मी तुला पंधरा वर्षांची असल्यापासून ओळखते, पण हा आवाज तुझ्याजवळ आहे हे मला माहीत नव्हतं. "बस्स, आत्याबाई! त्या साली गारा माझ्या काठामुळं पडल्या न्हाईत आन् हा पाऊस घोंगडीमुळं आला न्हाई. मी ऐकलं ते ऐकलं. माझी सून एक शब्द ऐकणार न्हाई, तुमचा बी न्हाई आन् गावाचा बी न्हाई." डीजेवाल्यानं घाबरून गाणं बंद केलं. विश्वंभरभाऊ फावडं हातात धरून उभे. तू वळून तंबूत गेलीस. मी तुझ्यामागं यायला निघाले होते.

तेवढ्यात म्हातारीनं माझा पदर धरला. मला खाली वाकवलं.

"हिला बोलता येतंय," म्हणाल्या.

मला तेव्हा त्यांचा राग होता, आणि खरं सांगू का, अजूनही थोडा आहे.

"माझ्या सासूला बोलायला मला सात वर्सं लागली व्हती," त्या म्हणाल्या. "हिची मी वाट बघून बघून थकले. म्हणायची, आज बोलंल, उद्या बोलंल. न्हाई बोलली. मग माझ्या तोंडाला बी सवय लागली." थोडा वेळ त्या राशीवरच्या घोंगड्यांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन् आज मी काळ्याचं काढतच नव्हते गं. मी म्हणत व्हते, म्हणलं व्हतं मी, ताडपत्र्या जास्तीच्या आणा. काल सांजच्यालाच सांगितलं व्हतं विश्वंभरला."

मंजे, मला हसूही फुटेना आणि रडूही. मी म्हटलं, थांबा, मी तिला जाऊन सांगते. तर त्यांनी पदर सोडलाच नाही. "सांगू नको. तिला वाटू दे का तिनं मला गप केलं."

मी हो म्हणाले. आणि घरी येऊन पोस्टातून पाकीट आणलं.

तुझी
सत्ये